अंगणातलं खोटं लग्न

डोमाजींच्या अंगणात लग्न ठरलं तेव्हा नवरा कोण आणि नवरी कोण हे ठरायचंच होतं. अंगण तेवढं पक्कं झालं होतं.

ते पाहायला तिघं जण अमरावतीहून सकाळच्या एस.टी.नं अकोल्याला आले होते. नीलम, फुरकान आणि सुगत. तिघंही अमरावतीच्या एका कॉलेजात पत्रकारितेच्या शेवटच्या वर्षाला. नीलम ही खुशालरावांची मुलगी. डोमाजी एस.टी.त ड्रायव्हर होते तेव्हा खुशालराव त्यांच्या गाडीवर कंडक्टर. मूर्तिजापूर-बडनेऱ्याच्या रस्त्यानं दोघांनी इतक्या फेऱ्या मारल्या होत्या की एकाला शिंक आली तर दुसऱ्यानं रुमाल काढावा. त्या ओळखीनं नीलम डोमाजींना काका म्हणायची आणि त्यांच्या घरात न विचारता माठातलं पाणी घ्यायची.

फुरकान मोबाईल डोळ्यासमोर धरून अंगणात उलटा चालत होता. मागे पाण्याचं टाकं आहे, असं डोमाजींनी त्याला दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायच्या आत तो टाक्यावर आदळला आणि कंबर चोळत म्हणाला, "चाचा, ही टाकी थोडी सरकते काय?"

"सिमेंटची हाये बाप्पा," डोमाजी म्हणाले. "तूच सरक."

प्रत्येक गटानं त्या वर्षी एका गाण्याचा व्हिडिओ करून दाखवायचा होता. ह्यांचं गाणं सुगतनं लिहिलं होतं, चालही त्याचीच, आणि ते रेकॉर्डही होऊन गेलं होतं. त्यानं ओट्यावर बसून मोबाईलवर ते ऐकवलं.

*पांढऱ्या साडीत निंगाली माही बाई,*
*जसं फुटलं कापसाचं वावर...*

गाणं संपल्यावर नीलमनं आपल्या मनातलं सांगितलं. लग्नाच्या गाण्यांचे व्हिडिओ ती लहानपणापासून पाहत आली होती. सगळ्यांत लाल शालू, घोडा, फेटे. आपल्यात नवरी पांढऱ्या साडीत असते, नवरा पांढऱ्या कपड्यात, पाहुणेही पांढऱ्यात, समोर बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो. अशी लग्नं तिनं घरीदारी कितीतरी पाहिली, पण कोणत्याच गाण्यात एकही पाहिलं नाही. म्हणून तिला ते एकदा नीट दाखवायचं होतं, आणि हॉलमध्ये नाही, अंगणात.

डोमाजींनी फार विचार केला नाही. त्या अंगणात लग्नं काही नवीन नव्हती. मोहल्ल्यात कोणाचं लग्न निघालं आणि त्याच्या घरी जागा नसली की मांडव ह्याच अंगणात पडायचा. तो आग्रह इंदूबाईंचा असे. डोमाजींना विचारायच्या आधीच त्या हो म्हणून मोकळ्या व्हायच्या आणि मग रात्री जेवायला वाढताना सांगायच्या. गेल्या कार्तिक पौर्णिमेला सकाळी विहारातून वंदना करून आल्या, छातीत दुखतं म्हणाल्या, आणि दवाखान्यातून परत आल्याच नाहीत. तेव्हापासून अंगणात डोमाजींची सायकल आणि वाळत घातलेला एक टॉवेल एवढंच असायचं. मुलगा ललित पुण्याला नोकरीत. डोमाजी दिवसभर टीव्ही लावून ठेवायचे. पाहायचे नाहीत, नुसता लावून ठेवायचे.

"तारीख कोनती?" त्यांनी विचारलं.

कॉलेजात कॅमेरे दोनच होते आणि गटांच्या पाळ्या लागल्या होत्या. ह्यांची पाळी नोव्हेंबरच्या पंधरा तारखेला होती. ती चुकली तर कॅमेरा पुढच्या गटाकडे जाणार आणि ह्यांच्या हाती काही राहणार नाही, असं नीलमनं सांगितलं.

डोमाजींनी मनात हिशोब केला. इंदूबाईंचं वर्ष पौर्णिमेला. यंदा कार्तिक पौर्णिमा पाच तारखेलाच येत होती. वर्षाच्या कार्यक्रमाचं मी सगळं पाहतो, तुम्ही त्रास घेऊ नका, असं ललितनं मागेच फोनवर सांगितलं होतं. म्हणजे पाचला पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होऊन जाईल, पाहुणे आपापल्या गावी जातील, आणि पंधराला अंगण मोकळंच राहील.

"घ्या मंग," ते म्हणाले. "तुमचंच अंगन हाये."

त्यानंतर पोरं दर आठवड्याला येऊ लागली. तयारी म्हणजे काय असते ते डोमाजींना तेव्हा कळलं. आजवर त्यांना वाटायचं की कॅमेरा आणला, माणसं उभी केली, झालं. इथं तर फुरकान दिवसभर अंगणात बसून फक्त ऊन पाहायचा. सकाळी ऊन कुठून येतं, दुपारी सावली कुठं पडते, हे तो खडूनं फरशीवर आखून ठेवायचा. दुपारचं ऊन कामाचं नाही, त्यात डोळ्यांखाली खड्डे दिसतात, तीन-साडेतीननंतरचंच ऊन चेहऱ्याला चांगलं, असं त्याचं म्हणणं होतं. नीलम जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूवर चौकोन पाडून एकेक चित्र काढायची. तिच्या चित्रातली सगळी माणसं काड्यांची होती. डोमाजींनी एकदा ते कागद हातात घेऊन बराच वेळ पाहिले आणि ह्यातली नवरी कोणती म्हणून विचारलं. नीलमनं बोट ठेवून दाखवली. ती नवरी नसून मांडवाचा खांब आहे असं सुगत म्हणाला, आणि त्याच्या पाठीत एक बसली.

डोमाजींनाही काहीतरी करावंसं वाटलं. पोरं नसताना त्यांनी चुना भिजवला आणि अंगणाची मागची सगळी भिंत झकास पांढरी करून टाकली. वर्षभरात त्यांनी घराला हात लावला नव्हता. हात भरून आले, पण रात्री झोप चांगली लागली. पुढच्या खेपेला पोरं आली तेव्हा ते दारातच उभे राहिले, आता काय म्हणतात ते ऐकायला.

फुरकाननं भिंत पाहिली आणि तो हळूच ओट्यावर बसला. नीलम हातातले कागद चाळू लागली. शेवटी सुगतनंच तोंड उघडलं. पांढरी नवरी, पांढरा नवरा, पांढरे पाहुणे, आणि मागं पांढरी भिंत. म्हणजे व्हिडिओत नुसती डोकी दिसतील.

डोमाजी भिंतीकडे बघत राहिले. मग त्यांना हसू आलं. घरात एकटेच असताना माणूस हसत नाही, म्हणून ते हसू त्यांना जरा वेगळंच वाटलं. त्यांनी उरलेल्या चुन्यात नीळ कालवली. थोडी, मग अजून थोडी, आणि चौघांनी मिळून भिंत पुन्हा मारली. संध्याकाळपर्यंत ती चांगली गडद निळी झाली. फुरकाननं नीलमला पांढरी ओढणी घेऊन भिंतीसमोर उभं केलं, मोबाईलमधून पाहिलं आणि चाचांनी आधीच निळी मारली असती तर एक दिवस वाचला असता असं म्हणाला. डोमाजींनी त्याला ब्रश धुवायला लावलं.

नवरी मात्र मिळत नव्हती. वर्गातली एक मुलगी तयार झाली होती, तिच्या आजीनं मोडता घातला. खोट्या लग्नात उभी राहिली तर खरं लग्न लांबते, असं आजीचं म्हणणं. शेवटी करिश्मा नावाची मुलगी तयार झाली. लांबलं तर बरंच होईल, मला आधी नोकरी करायची आहे, असं ती म्हणाली. नवरा सुगतच व्हायचा होता, कारण गाणं त्याच्याच आवाजात होतं. राहिला प्रश्न पाहुण्यांचा. वर्गातली मुलंमुली पांढरे कपडे घालून येणार होती. पण सगळंच वऱ्हाड वीस वर्षांचं कसं? आजी नाही, मामा नाही, कोपऱ्यात पान खाणारा एक म्हातारा नाही. नीलम खुशालरावांना म्हणाली, तुमच्या ओळखीची माणसं आणा. खुशालरावांनी खूप जणांना विचारलं. व्हिडिओसाठी दिवस मोडायला कोणी तयार नव्हतं.

पौर्णिमा जवळ आली तशी डोमाजींना काळजी वाटू लागली. पाहुण्यांच्या अंथरुणाचं काय, भन्ते किती येणार, स्वयंपाकाला कोण. ललितचा फोन नाही. शेवटी त्यांनीच लावला.

"बाबू, कोनत्या गाडीनं येतं?"

"चौदाला रात्री बसतो बाबा. पंधराला सकाळी पोचतो."

"पौर्णिमा त परवा हाये."

ललित म्हणाला, "बाबा, आई पंधरा तारखेला गेली ना. पंधरा नोव्हेंबर. मी भन्तेजींना तीच तारीख दिली, सगळ्यांना कळवलं. ग्रुपवर टाकलं होतं मी."

घरच्या ग्रुपवर रोज सकाळी इतकी फुलं आणि सुविचार येत की डोमाजींनी तो पाहणंच सोडलं होतं. आता त्यांनी चष्मा लावून वरवर सरकवत नेलं. फुलांच्या खाली दबलेला ललितचा निरोप सापडला. इंदूबाईंचा फोटो, खाली पंधरा तारीख, सकाळी परित्राण पाठ, मग भोजनदान. खाली पंचवीसेक माणसांनी हात जोडले होते.

त्यांना ललितचा रागही आला नाही. गेल्या वर्षी पौर्णिमा पंधरा नोव्हेंबरलाच आली होती. पोरानं त्याच्या कॅलेंडरानं धरलं, आपण आपल्या चंद्रानं. दोघांच्याही मनात इंदू गेलेला दिवस एकच होता, फक्त तो दोन ठिकाणी पडला होता.

पौर्णिमेला ते एकटेच विहारात गेले. मेणबत्ती लावली, त्रिशरण-पंचशील म्हटलं आणि इतर लोक निघून गेल्यावरही बसून राहिले. घरी येताना नीलमचा फोन आला. खुर्च्या कुठं ठेवायच्या ते विचारत होती. डोमाजींनी सांगितलं, टाक्याजवळ ठेव. तारखेचं काही बोलले नाहीत. बोलायचं कसं तेच त्यांना सुचत नव्हतं. दिलेला शब्द मोडला तर पोरीचं वर्षाचं काम जातं. शब्द पाळला तर बायकोच्या स्मृतिदिनी तिच्याच अंगणात खोटं लग्न लावलं असं चार माणसं म्हणणार, आणि त्यात सगळ्यात आधी म्हणणार माणिकबाई.

माणिकबाई ही इंदूबाईंची मोठी बहीण, डोमाजींची आकडसासू. आईच्या मागे इंदूला तिनंच मोठं केलेलं. ती अकोटला राहायची. तिनं नाही म्हटलं तर बाकीचे कोणी हो म्हणणार नव्हते, आणि तिनं हो म्हटलं तर नाही म्हणायची कोणाची छाती नव्हती. डोमाजी दुसऱ्या दिवशी अकोटच्या एस.टी.त बसले. ड्रायव्हर ओळखीचा निघाला, त्यानं त्यांना आपल्या मागची सीट दिली. पण डोमाजींचं त्याच्या गप्पांकडे लक्ष नव्हतं.

माणिकबाई अंगणात कापसाच्या ढिगाजवळ बसली होती. पहिल्या वेच्याचा कापूस होता, जिनिंगला न्यायच्या आधी ती त्यातला पालापाचोळा काढत होती. तिनं मान वर करून पाहिलं.

"काहून आले? तब्येत त बरी हाये?"

"बरी हाये."

"मंग फोनवर झालं नसतं काय?"

"नसतं झालं, बाई."

ते तिच्यासमोर बसले आणि तेही कापसातली पानं काढू लागले. हाताला काम असलं की बोलायला सोपं जातं. त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. नीलम, गाणं, कॅमेऱ्याची पाळी, पौर्णिमा, पंधरा तारीख. माणिकबाई पानं काढत ऐकत राहिली. सांगून झाल्यावर म्हणाली, "मंजे इंदूच्या दिवशी तुमच्या अंगनात नाच."

"नाच नाई. लग्न."

"कोनाचं?"

"कोनाचंच नाई."

"मंग त नाचापेक्षा बेकार."

डोमाजींना वाटलं, झालं, आता उठावं. पण ते उठले नाहीत. माणिकबाईनं एक एक उपाय सांगून पाहिला. पोरीला दुसरी तारीख घ्यायला सांगा. ती मिळत नाही, डोमाजींनी सांगितलं. मग कार्यक्रम पुढं ढकला. भन्ते ठरले, ललितनं सुट्टी घेतली, माणसं ठरली. मग पोरीला दुसरं अंगण पाहून द्या. ह्यावर डोमाजी नुसती पानं काढत राहिले. दुसरं अंगण सापडलंही असतं. खुशालरावांच्या मेव्हण्याचं होतं. ते त्यांना माहीत होतं आणि त्यांनी ते नीलमला सांगितलं नव्हतं.

"खरं सांगू काय, बाई," ते म्हणाले. "मले दोनी पायजे. माहं पौर्णिमेलेच झालं. इहारात गेलो, बसलो, रडलोबी. पंधरा तारखेले लोक येतीन, जेवतीन, दुपारी गाडी धरतीन, अन् अंगन पुन्हा खाली. इंदूले खाली अंगन आवडे काय? तुमीच सांगा."

माणिकबाईनं हातातला कापूस खाली ठेवला. थोड्या वेळानं म्हणाली, "ते गानं हाये काय तुमच्यापाशी?"

त्यांनी मोबाईलवर लावलं. सुगतचा आवाज अंगणात घुमला. माणिकबाई ऐकताना समोरच्या कापसाकडे पाहत होती. गाणं संपलं. तिनं पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा संपल्यावर तिनं पदरानं नाक पुसलं आणि विचारलं, "नवरीची माय कोन हाये?"

"माय नाई. पोट्टेच हायेत सगळे."

"मायबिगर कसलं लग्न?"

"ते मीबी म्हनलं," डोमाजी म्हणाले, जरी त्यांनी तसं काही म्हटलं नव्हतं.

माणिकबाई पुन्हा पानं काढू लागली आणि काढता काढता तिनं अटी घातल्या. आधी इंदूचा पाठ आणि दान, ते नीट होऊ द्यायचं, तोवर कॅमेऱ्यानं तोंड दाखवायचं नाही. भन्तेजी विहारात परत गेल्यावरच बाकीचं. खोट्या लग्नात गाथा म्हणायच्या नाहीत, गाथा खऱ्याच लग्नात. आणि साडी.

"त्या पोट्टीले सांगजा, साडी कडक पायजे. लोळागोळा साडीत मी माही पोरगी देनार नाई."

परतीच्या गाडीत डोमाजींना बडनेऱ्याच्या पाळीतल्या ड्रायव्हरांचे जुने किस्से आठवले आणि ह्या वेळी तेच ड्रायव्हरशी बोलत राहिले. घरी पोचल्यावर त्यांनी नीलमला फोन करून सगळं सांगितलं. ती आधी घाबरली. काकूंचा दिवस आहे, आम्ही दुसरीकडे पाहतो, तुम्ही कशाला, असं म्हणू लागली. डोमाजींनी तिला बोलू दिलं आणि मग विचारलं, तुला म्हातारी माणसं पाहिजे होती ना, पांढऱ्या कपड्यातली? ती येऊन राहिली आहेत. पाठाला सगळे पांढऱ्यातच येतात.

पलीकडून नीलमनं हळूच विचारलं, पान खाणारा कोणी आहे का. डोमाजींनी सांगितलं, तीन आहेत.

पंधरा तारखेला ललित सकाळी आला तो पांढऱ्या शेवंतीचा मोठा हार घेऊनच. निळी भिंत पाहून तो थांबला. त्याला आईनं मांडलेल्या लग्नांच्या वेळची भिंत आठवत होती, ती पिवळी होती. डोमाजींनी निळी का झाली ते सांगितलं तेव्हा तोही हसला. खुर्चीवर इंदूबाईंचा फोटो ठेवला, त्याला हार घातला. भन्तेजी आले. अंगण पांढऱ्या कपड्यांनी भरलं. पाठाच्या वेळी नीलम, फुरकान आणि वर्गातली पोरं मागच्या रांगेत हात जोडून बसली होती. कॅमेरा आतल्या खोलीत पलंगावर होता, त्यावर चादर घातलेली.

भन्तेजींचं भोजन बारा वाजायच्या आत आटोपलं, मग बाकीच्या पंगती बसल्या. भन्तेजी गेले तसे अकोटकडचे दोघं जण पिशव्या उचलून निघाले. माणिकबाई फाटकापाशी खुर्ची टाकून बसली होती.

"बसा," ती म्हणाली. "लग्न लागल्याबिगर कोनी जाते काय?"

कोणाचं लग्न, हे बऱ्याच जणांना कळलंच नाही. काहींना कळलं तरी पटलं नाही. दोघी जणी कोपऱ्यात कुजबुजल्या, आणि माणिकबाईनं तिकडे पाहिल्यावर त्यांनी भांडी आवरायला घेतली. म्हातारी माणसं सावलीत लवंडली. एका वडीलधाऱ्यानं सुगतला जवळ बोलावून कामाधंद्याची चौकशी केली. सुगतनं सांगितलं, अजून शिकतो आहे, शिकल्यावर पाहू. मग त्यांनी दारातूनच माणिकबाईला हाक मारली.

"पोरगं चांगलं हाये, पन कामाले नाई. इचार कर."

"केला," माणिकबाई म्हणाली. ती आत करिश्माच्या निऱ्या घालत होती. साडी कडक होती, तरी तिनं पुन्हा सोडून पुन्हा नेसवली. इंदू असती तर एका झटक्यात नेसवली असती, असं ती म्हणाली, आणि करिश्माला पोट आत घ्यायला सांगितलं.

ऊन फुरकानच्या खडूच्या रेघेवर आलं तेव्हा सगळे उभे राहिले. गाणं स्पीकरवर वाजेल, सुगत त्यावर ओठ हलवेल, हार घातले की तुम्ही फुलं उधळायची, असं नीलमनं सगळ्यांना समजावलं. फुलांच्या पाकळ्यांची पिशवी ती अमरावतीहून घेऊन आली होती. ती ओंजळी-ओंजळीनं वाटली. गाणं लागलं. करिश्मानं हार घातला, सुगतनं घातला, आणि अख्ख्या अंगणानं होत्या नव्हत्या तेवढ्या पाकळ्या एकदम उधळल्या. बायका हसल्या, कोणीतरी टाळ्या वाजवल्या. एका म्हातारीनं दोघांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. चांगलंच लग्न लागलं.

"एक नंबर," फुरकान म्हणाला. "आता पुन्हा एकदा. आता जवळून."

अंगण त्याच्याकडे पाहत राहिलं. पुन्हा? लग्नात फुलं एकदाच उधळायची असतात. सगळ्यांचे हात रिकामे होते. नीलमनं पिशवी उलटी करून झटकली. लहान पोरांनी जमिनीवरच्या पाकळ्या गोळा केल्या, पण त्या मळल्या होत्या, त्यावर पाय पडले होते. फुलांचं मार्केट लांब होतं, आणि ऊन रेघेच्या पुढं सरकत होतं. नीलमचा चेहरा उतरला. कॅमेरा सकाळी परत द्यायचा होता. तिनं फुरकानकडे आणि मग आकाशाकडे पाहिलं.

डोमाजी खुर्चीपाशी गेले. इंदूबाईंच्या फोटोवरचा हार त्यांनी दोन्ही हातांनी उचलला. ललित "बाबा" म्हणाला आणि तिथंच थांबला. डोमाजी खाली बसले आणि त्यांनी दोऱ्याची गाठ दातानं तोडली. शेवंतीची फुलं सुटी होऊन त्यांच्या धोतरात पडली. ते एकेका फुलाच्या पाकळ्या सुट्या करू लागले. ललितही परात घेऊन त्यांच्याजवळ बसला. मग खुशालराव, मग नीलम. बघता बघता परात भरली.

डोमाजी परात घेऊन रांगेनं फिरले. ज्याच्या त्याच्या हातात थोड्या थोड्या घातल्या, आणि ह्या वेळी जपून उधळा, असं सांगितलं. माणिकबाईपाशी आले तेव्हा तिनं दोन्ही हात पुढं केले. तिचे डोळे भरले होते, पण आवाज नेहमीचाच होता.

"मले जास्ती द्या. मी माय हाये."

त्यांनी तिची ओंजळ भरली.

फुरकान कॅमेऱ्यातून पाहत होता. कॅमेऱ्याच्या मागून त्यानं अदबीनं विचारलं, चाचीचा फोटो खुर्चीवर दिसतो आहे, बाजूला घेऊ का. हार काढल्यावर तो गेलेल्या माणसाचा फोटो वाटत नव्हता. पुढच्या रांगेत बसून एक बाई लग्न बघते आहे, एवढंच.

"राहू दे," डोमाजी म्हणाले. "तिनं आतापर्यंत एकबी लग्न चुकवलं नाई."

नीलमनं सुगतला खूण केली. डोमाजी जाऊन माणिकबाईशेजारी, निळ्या भिंतीसमोर उभे राहिले. हातात उरलेल्या चार पाकळ्या त्यांनी मुठीत धरल्या. गाणं लागलं.